अ‍ॅन बोलिनचं सहावं बोट

"इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने मुलगा होत नाही म्हणून सहाही बायकांची मुंडकी उडवली. दुसरी राणी अ‍ॅन बोलिन चेटकीण होती, उजव्या हाताला सहा बोटं होती, तिच्या पोटी मांसाचा गोळा आला आणि कोर्टात चेटूक सिद्ध झालं. चौथीला राजा घोडी म्हणायचा. राण्यांच्या सगळ्या चरित्रांत हे छापलंय." खाली सहा बोटांच्या पंजाचं चित्र आणि 'पुढे पाठवा'. हा मजकूर आता घरातल्या आठवीतल्या मुलीच्या प्रकल्पवहीत जसाच्या तसा उतरलाय, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

आधी ते बोट. ते गाजलं निकोलस सँडर या इंग्रज कॅथलिक पाद्र्याच्या लॅटिन पुस्तकातून. पुस्तक छापलं गेलं १५८५ मध्ये. अ‍ॅनचा शिरच्छेद झाला १९ मे १५३६ रोजी. मध्ये ४९ वर्षं. ती गेली तेव्हा सँडर पाच-सहा वर्षांचं पोर. पुढे तो देश सोडून गेला आणि अ‍ॅनच्या मुलीविरुद्ध, म्हणजे पहिल्या एलिझाबेथविरुद्ध, आयर्लंडमधल्या बंडात सामील होऊन १५८१ मध्ये तिकडेच मेला. पुस्तक आलं त्याच्यामागे. अशा माणसाने अ‍ॅनबद्दल काय लिहावं? सहा बोटं, पुढे आलेला दात, हनुवटीखाली आवाळू. आणि ते झाकायला ती गळाबंद कपडे घालायची म्हणे. तिच्या प्रसिद्ध चित्रांमध्ये मात्र गळा उघडा आणि त्यावर मोत्यांची माळ. ही चित्रं बहुतेक तिच्या मृत्यूनंतरच्या नकला आहेत, हे कबूल. पण त्यांत 'गळाबंद' नाही.

याच सँडरने आणखी एक शोध लावलाय, तो फॉरवर्डवाल्यांनी सोयीस्कर गाळला: अ‍ॅन ही खुद्द हेन्रीचीच मुलगी! तिचा जन्म कोणी १५०१ चा धरतं, कोणी १५०७ चा. हेन्री जन्मला १४९१ मध्ये. म्हणजे बाप झाला तेव्हा तो दहा वर्षांचा, फार तर सोळाचा. बोट खरं मानायचं तर हेही माना.

मराठी वाचकाला हे नवीन वाटू नये. संभाजीराजांनी बाळाजी आवजींना देहदंड दिला आणि त्याच बाळाजींचा वंशज मल्हार रामराव चिटणीस यांनी शंभरहून जास्त वर्षांनी बखर लिहिली. त्या बखरीतला संभाजी किती पिढ्या खरा मानला गेला आणि वा. सी. बेंद्रे यांना समकालीन कागद लावून तो खोडायला किती खपावं लागलं, हे आपण पाहिलंय. सँडरचं पुस्तक त्याच जातीची बखर आहे.

समकालीन काय म्हणतात? १५३२ मधलं एका व्हेनिसवाल्याचं वर्णन आहे: मध्यम उंची, सावळा रंग, लांब मान, रुंद तोंड, काळे सुंदर डोळे, रूपाने काही फार देखणी नाही. बोटाचं नाव नाही. स्पेनच्या बाजूचा, सम्राट पाचव्या चार्ल्सचा इंग्लंडमधला वकील युस्टास शापुई तर तिचा हाडवैरी. वर्षानुवर्षं तिच्याविरुद्ध पत्रं लिहिणाऱ्या या माणसाला सहावं बोट दिसलं असतं तर त्याने ते पानभर रंगवलं असतं. त्याच्या पत्रांतही नाही.

एक अर्धसत्य मात्र द्यावं लागेल, नाइलाजाने. कवी थॉमस वायटचा नातू जॉर्ज वायट याने घरातल्या आठवणींवरून, अ‍ॅनची बाजू घेत, लिहिलंय की तिच्या एका बोटाच्या नखाशेजारी जादा नखाचा किंचित भास होता. नखाचा भास, अख्खं बोट नव्हे. १८७६ मध्ये लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या चॅपलची (तिला जिथे पुरलं तिथली) फरशी उखडली तेव्हा तिची म्हणून ठरवलेल्या हाडांत निमुळत्या बोटांचे नाजूक हात होते. पण ती हाडं तिचीच होती याची खात्री नाही, म्हणून तो पुरावा मी वापरत नाही.

आता 'कोर्टात चेटूक सिद्ध झालं'. हा मुद्दा सगळ्यात खोटा आणि सगळ्यात घातक. चेटकीण ठरवून बायकांना झोडपण्याचे प्रकार आपल्याकडे संपलेले नाहीत, त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. आणि इथे आपण आठवीतल्या मुलांना शिकवतोय की बाईच्या हाताला बोट जास्त असलं की कोर्टही तिला चेटकीण ठरवतं!

आरोपपत्र उपलब्ध आहे. 'लेटर्स अँड पेपर्स' या हेन्रीकालीन कागदांच्या मालिकेचा खंड १०, नोंद क्रमांक ८७६. इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पान नव्हे, नोंदीचा आकडा शोधा. आरोप असे: पाच पुरुषांशी व्यभिचार, त्यांत सख्खा भाऊ जॉर्ज, आणि राजाच्या मृत्यूचा कट. चेटूक हा शब्द आरोपांत नाही. इंग्लंडमध्ये चेटकाविरुद्धचा पहिला कायदाच मुळी १५४२ चा, ती गेल्यावर सहा वर्षांनी. शापुईच्या जानेवारी १५३६ च्या पत्रात 'जादूटोण्याने मला फसवलं' असं राजा म्हणाल्याचं येतं खरं, पण ते त्याने तिसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. खटल्यात त्याचा मागमूस नाही.

नोंद वाचताना तारखांपाशी थांबा. आपल्या राज्याभिषेक शकासारखी तिथे राजाच्या कारकिर्दीची वर्षं असतात. हेन्रीची गणना २२ एप्रिल १५०९ पासून, म्हणजे पंचविसावं वर्ष सुरू होतं २२ एप्रिल १५३३ ला. त्या वर्षीच्या ६ ऑक्टोबरला तिने त्या पाचांतल्या हेन्री नॉरिसला वेस्टमिन्स्टरला भुलवलं आणि १२ तारखेला कुकर्म घडलं, असा आरोप. एलिझाबेथचा जन्म त्याच वर्षीच्या ७ सप्टेंबरचा, ग्रिनिचला. राणी तिथेच बाळंतिणीच्या खोलीत होती. एरिक आइव्ह्ज या चरित्रकाराने अशा तारखा एकेक करून ताडल्या, तर सुमारे तीन चतुर्थांश आरोप टिकत नाहीत. सरकारी वकीलही कच्चे नव्हते म्हणा; 'आणि आगेमागे इतर दिवशीही' अशी पाचर त्यांनी मारूनच ठेवली होती. तिला दोषी ठरवणाऱ्या २६ सरदारांच्या वर अध्यक्ष कोण, तर तिचा सख्खा मामा नॉरफोक.

मांसाचा गोळाही सँडरचाच. शापुई लिहितो: गर्भ सुमारे साडेतीन महिन्यांचा, मुलगा वाटणारा. बस.

बाकीचे मुद्दे झटपट. शिरच्छेद दोघींचा: अ‍ॅनचा आणि १५४२ मध्ये कॅथरिन हॉवर्डचा. पहिली, अ‍ॅरागॉनची कॅथरिन, आणि चौथी, क्लीव्ह्जची अ‍ॅन, यांचं लग्न रद्द ठरवलं. जेन सीमोर मुलगा झाल्यावर बाराव्या दिवशी गेली, कॅथरिन पार राजाच्या मागे उरली. मुलाचा ध्यास खरा होता, तेवढं मान्य. पण पहिलीला १५११ मध्ये मुलगा झाला होता, तो ५२ दिवस जगला. 'घोडी' हे सतराव्या शतकातल्या बिशप बर्नेटच्या पुस्तकातलं. त्या 'घोडी'ला रिचमंडचा वाडा मिळाला, 'राजाची बहीण' हा मान मिळाला आणि सहाही जणींत शेवटी ती मेली, १५५७ मध्ये.

आणि 'सगळ्या चरित्रांत छापलंय' म्हणाल, तर हो, छापलंय. बोटाचा उल्लेख बहुतेक चरित्रांत सापडेल, कारण ते खोडायचं असतं. पुस्तक उघडलं की आधी मागच्या टिपा काढा. टिपेत सँडर असेल तर पुढचं वाक्य वाचल्याशिवाय फोटो काढू नका. शापुईची पत्रं उघडलीत तर आणखी एक सावधगिरी: त्यांत जागोजागी 'रखेल' येते. हेन्रीची आणखी कोणी बाई शोधत बसू नका, ती राणी अ‍ॅनच.