थेरिऑन, जळकं चर्च आणि एक बिनडोक व्हिडिओ

ताईने व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "अरे, हाच ना तुझा तो बँड?" तोवर दाजींचा तो बघून झाला होता आणि त्यांनी भाच्याच्या फोनमधली थेरिऑनची सगळी गाणी काढायला लावली होती. पोरगा अकरावीत आहे, गिटार शिकतो, आणि ती गाणी त्याला मीच दिली होती. त्यामुळे गप्प बसणं शक्य नव्हतं.

व्हिडिओ मराठीत आहे. मागे भयपटातलं संगीत, समोर लाल अक्षरं. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: स्वीडनचा थेरिऑन हा बँड आधी डेथ मेटल (हेवी मेटलचा घोगऱ्या आवाजातला कर्कश प्रकार) वाजवायचा, १९९६ साली रेकॉर्ड कंपनीच्या पैशासाठी त्याने एका रात्रीत ऑपेरा सुरू केला, ती कल्पनाही फिनलंडच्या नाइटविश या बँडकडून उचलली, ऑर्केस्ट्रा सगळा खोटा, आणि मुख्य म्हणजे हे सैतानाचे पुजारी, यांनी चर्चं जाळली, यांची गाणी उलटी वाजवली की सैतानाचं नाव ऐकू येतं. शेवटी अर्थातच 'आपल्या मुलांना वाचवा'.

नाइटविशचं आधी उरकतो, कारण त्याला फक्त कॅलेंडर लागतं. थेरिऑनचा 'थेली' हा ऑपेराच्या वळणाचा अल्बम ऑगस्ट १९९६मध्ये बाजारात आला. नाइटविश हा बँड जन्मलाच १९९६च्या जुलैत, आणि त्यांचा पहिला अल्बम आला १९९७च्या नोव्हेंबरात. मुलाने बापाची नक्कल केली असं म्हणा हवं तर, उलटं कसं म्हणता?

आता 'एका रात्रीत'. ही रात्र निदान चार वर्षांची होती. क्रिस्टोफर यॉन्सनने स्टॉकहोमजवळच्या उप्लांड्स व्हेस्बी गावात १९८७ साली पोरवयात बँड काढला, तेव्हा त्याचं नाव होतं ब्लिट्झक्रीग. पुढे थेरिऑन झालं, आणि हे नाव आलं स्विस बँड सेल्टिक फ्रॉस्टच्या १९८५च्या 'टू मेगा थेरिऑन' या अल्बमवरून. तो अल्बम लावून बघा. सुरुवातीलाच फ्रेंच हॉर्न वाजतो. म्हणजे ज्या रेकॉर्डवरून या पोरांनी नाव घेतलं, त्याच रेकॉर्डमध्ये मेटल आणि ऑर्केस्ट्राची वाद्यं शेजारी बसलेली होती.

१९९१चा 'ऑफ डार्कनेस' हा मात्र अस्सल स्टॉकहोमी डेथ मेटल आहे. घोगरा ग्रोल (घशातून गुरगुरत गाणं), खरखरीत गिटार, कुठेही दया नाही. पण पुढच्याच वर्षीचा 'बियाँड सँक्टोरम' घ्या. माझा सगळा खटला या एका अल्बमवर उभा आहे आणि मला तो पुरतो. त्यात 'सिंफनी ऑफ द डेड' नावाचं गाणं आहे. ग्रोल चालू असतानाच कीबोर्डचे लांब सूर येतात आणि मधेच एका बाईचा शास्त्रीय ढंगाचा आवाज. त्याच अल्बममध्ये 'द वे' हे अकरा मिनिटांचं गाणं आहे, आणि ते रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) बदलत बदलत असं फिरतं की एकाच गाण्यात तीन-चार गाणी ऐकल्यासारखं वाटतं. हा अल्बम १९९२चा. ज्या न्यूक्लिअर ब्लास्ट या रेकॉर्ड कंपनीने म्हणे यांना विकत घेतलं, तिच्याकडून थेरिऑनचा पहिला अल्बम आला तो १९९५ साली. म्हणजे पैसे मिळायच्या तीन वर्षं आधीच हे 'विकले गेले' होते. असा सौदा मला कुणी मिळवून दिला तर उपकार होतील.

मधली पायरीही गाळू नका. १९९३च्या 'सिंफनी मासेस'मध्ये पूर्वेकडच्या वळणाचे सूर आहेत. १९९५च्या 'लेपाका क्लिफोथ'मध्ये 'द ब्यूटी इन ब्लॅक' हे गाणं आहे, ज्यात सोप्रानो (बाईचा सर्वांत उंच पट्टीतला आवाज) गाणारी क्लॉडिया-मारिया मोक्री ही सेल्टिक फ्रॉस्टच्या रेकॉर्डवरही गायलेली. म्हणजे धागा सगळा तिथूनच येतो. 'थेली'त जे ऐकू येतं ते या सगळ्याची बेरीज आहे. तिच्यात आश्चर्य असेल तर ते आकाराचं, दिशेचं नाही.

पैशाबद्दल एक गोष्ट कबूल करावी लागते, नाइलाजाने. 'थेली' खपला, आणि त्यानंतर भरगच्च कोरस ही यांची ओळख होऊन बसली. २०२१चा 'लेव्हायथन' तर यॉन्सनने सरळ सांगून केला की यात लोकांना हवी तशी हिट गाणी द्यायची आहेत. पण ते पंचवीस वर्षांनंतर. आणि मधे याच माणसाने २०१२ साली जुन्या फ्रेंच गाण्यांचा अख्खा अल्बम केला, जो कंपनीला नको होता, म्हणून पदरचे पैसे घालून काढला. २०१८ साली तीन तासांचा रॉक ऑपेरा काढला, तीन डिस्कचा. पैशाच्या मागे धावणारा माणूस तीन तासांचा ऑपेरा काढत नाही, लग्नात वाजेल असं गाणं काढतो.

खोट्या ऑर्केस्ट्राचं म्हणाल तर अर्धं खरं. 'थेली'तली तंतुवाद्यं बरीचशी कीबोर्डवरची आहेत, नीट ऐकलं तर कळतं. पण गायकवृंद खरा, हॅम्बुर्गच्या रेडिओच्या वृंदातला. पुढे १९९८च्या 'व्होव्हिन'मध्ये खरी तंतुवाद्यं आली आणि २००४च्या 'लेमुरिया' व 'सिरियस बी' या जोडीत प्रागचा आख्खा ऑर्केस्ट्रा. २००७ साली हंगेरीतल्या मिश्कोल्त्सच्या ऑपेरा महोत्सवात यांनी मोत्झार्ट, व्हेर्डी, वाग्नर वाजवले, ऑर्केस्ट्रासकट. तिथे कीबोर्डवर भागवणं जमलं नसतं.

खरा संताप येतो तो चर्चच्या मुद्द्यावर, कारण दाजी घाबरले ते यानेच.

व्हिडिओत सुरुवातीलाच जळून खाक झालेल्या लाकडी चर्चचा काळा-पांढरा फोटो आहे आणि त्यावर थेरिऑनचं नाव. तो फोटो थांबवून नीट बघा. तो नॉर्वेतल्या बर्गनजवळच्या फान्टॉफ्ट चर्चचा आहे, जे जून १९९२मध्ये जळालं. हा फोटो बुर्झुम या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल (सैतानाची भाषा करणारा मेटलचा प्रकार) बँडच्या १९९३च्या रेकॉर्डचं मुखपृष्ठ आहे. देश वेगळा, बँड वेगळा, संगीताचा प्रकारही वेगळा. बुर्झुम चालवणारा एकटा माणूस १९९४ साली खून आणि इतर चर्चं जाळण्याच्या गुन्ह्यांत दोषी ठरला. थेरिऑनचा या आगींशी काडीचाही संबंध नाही.

उलट संबंध आहे तो असा की हसावं की रडावं कळत नाही. त्या काळात नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांना स्वीडनच्या डेथ मेटलवाल्यांचा राग होता: हे मवाळ, हे नुसते ट्रॅकसूट घालणारे, यांना सैतान कळत नाही, वगैरे. त्याच १९९२च्या उन्हाळ्यात त्या बुर्झुमवाल्या माणसाला मानणाऱ्या एका तरुणीने यॉन्सनच्या उप्लांड्स व्हेस्बीतल्या घराच्या दाराला आग लावली आणि चाकूने धमकीची चिठ्ठी खोचून ठेवली. आग वेळीच विझली म्हणून निभावलं. म्हणजे ज्या माणसाचं घर त्या टोळीच्या नावाने पेटवलं, त्यालाच व्हिडिओने टोळीचा म्होरक्या करून टाकलंय. एवढी उलटी गोष्ट चुकून होते की मुद्दाम, ते ज्याने फोटो निवडला त्यालाच ठाऊक.

उलट्या वाजवलेल्या गाण्याची गंमत तर आम्ही घरीच केली. व्हिडिओत उलटा तुकडा वाजताना खाली मोठ्या अक्षरांत काय ऐकायचं ते लिहून येतं, आणि मग तेच ऐकू येतं. मी फोनच्या खालच्या भागावर हात ठेवून ताईला तोच तुकडा ऐकवला. तिला 'शेवगा दे' ऐकू आलं. दाजींना काहीच ऐकू आलं नाही, पण त्यांनी 'आवाज वाढव' म्हणून दोनदा वाजवायला लावलं. शिवाय साधी गोष्ट: ज्या बँडच्या अल्बमांची नावंच कब्बाला या ज्यू गूढविद्येतल्या अंधाऱ्या कोपऱ्यांवरून ठेवलेली आहेत आणि गाण्यांचे शब्द पुस्तिकेत छापलेले आहेत, त्याला उलटं काही लपवायचं कारणच काय?

हो, गूढविद्येचं खरं आहे. बरीच वर्षं गाण्यांचे शब्द थॉमस कार्लसन लिहायचा, आणि तो ड्रॅगन रूज या स्वीडिश गूढविद्या-संघाचा संस्थापक. यॉन्सनही त्यात होता. हे कुणी लपवलेलं नाही आणि मीही लपवत नाही. आईवडिलांना ते आवडलं नाही तर तो त्यांचा अधिकार. पण मग गाणी कशाबद्दल आहेत तेही बघा. 'सीक्रेट ऑफ द रून्स' नॉर्डिक पुराणातल्या नऊ जगांवर. 'गॉथिक कब्बाला' सतराव्या शतकातल्या योहान्नेस ब्युरेउस या रून-लिपीच्या (उत्तर युरोपातली जुनी अक्षरं) विद्वानावर, ज्यावर कार्लसनने पुढे विद्यापीठात डॉक्टरेट केली. तो तीन तासांचा ऑपेरा व्लादिमिर सोलोव्ह्योव या रशियन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या कथेवर ढोबळपणे बेतलेला, ज्यात ख्रिस्तविरोधी हा खलनायक आहे. आणि 'व्होव्हिन'वर एक गाणं आहे 'आय ऑफ शिवा', 'सिरियस बी'वर 'कली युग' दोन भागांत. शंकराचा तिसरा डोळा आणि कलियुग हे सैतानाचं काम असेल तर आपल्या घराघरातली पोथ्या-पुराणंही दाजींना जप्त करावी लागतील.

दाजींनी गाणी परत घालू दिली, 'कली युग' स्वतः ऐकून. आवडलं नाही, 'फार किंचाळतात' म्हणाले. ते मला मान्य आहे. व्हिडिओ मात्र ज्या ग्रुपवरून आला तिथे अजून फिरतोय, आणि ज्यांना तो पुढे पाठवायचाच आहे त्यांनी निदान फान्टॉफ्टचा फोटो तेवढा काढून पाठवावा.