‘आपला विश्वासू’ दुसऱ्या पानावर

इंदूरच्या माणसाला कागदावर सही करायला किती वेळ लागतो? डाव्या हातात पोह्यांची प्लेट, उजव्यात पेन, चार सेकंद. तीच सही पीडीएफवर करायची म्हटली की सकाळ जाते. मेलमध्ये मात्र सहज लिहिलेलं असतं, ‘कृपया सही करून पाठवा.’

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत यावर एकच घरगुती उपाय चालतो: छापा, सही करा, फोटो काढा. आठ पानांच्या भाडेकरारात सही शेवटच्या पानावर हवी असते, पण छापतात आठही पानं. मग मोबाइलने आठ फोटो आणि त्यांची पुन्हा पीडीएफ. आलेली फाइल दीडशे केबीची होती, परत जाते ती बारा एमबीची, आणि तिच्या तिसऱ्या पानावर आपला अंगठा असतो. शिवाय आता ती अक्षरं राहिलेली नाहीत, अक्षरांचे फोटो आहेत. त्यात ‘अनामत’ शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही. अनामत परत मागताना नेमकं तेच हवं असतं.

दुसरा पंथ माउसवाल्यांचा. माउसने केलेली सही म्हणजे भूकंपमापकाचा कागद. यात तुमच्या हाताचा दोष नाही. कागदावरची सही बोटं आणि मनगट करतात, माउस मात्र कोपरापासून हलतो. त्याला दाबही कळत नाही, त्यामुळे ‘कुलकर्णी’तल्या वेलांटीचा डौल आणि शेवटच्या फराट्याचा माज, दोन्ही एकाच जाडीच्या तारेत निघतात. हाताने काढायचीच असेल तर मोबाइलच्या काचेवर, फोन आडवा धरून, बोटाने काढावी. माउसपेक्षा बोट बरं.

पण माझ्या मते खरा मार्ग एकच आहे: सहीचं चित्र एकदा नीट करून ठेवायचं आणि जन्मभर वापरायचं. त्याला अर्धा तास द्यावा लागतो आणि लोक तो देत नाहीत. चार सेकंदांच्या कामाला अर्धा तास देणं अपमानास्पद वाटतं.

कागद कोरा, पांढरा, बिनरेघी. वहीच्या रेघा नंतर पुसता पुसता सहीची शिरोरेघही जाते. पेन जेलचं, 0.7 किंवा 1 मिलिमीटरचं. बॉलपेनची रेघ बारीक येते, आणि पेन मध्येच सुकं चाललं की तिथे खंड पडतो. एकाच कागदावर दहा-बारा सह्या करा. पहिल्या तीन शाळेतल्यासारख्या येतात, कारण आपण सही करतोय हे हाताला कळलेलं असतं. सातव्या-आठव्याला हात कंटाळतो, तीच खरी सही.

आता पोह्यांची प्लेट लांब ठेवा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याचा एक कण कागदावर पडला की स्कॅनमध्ये तो बरोबर अक्षराच्या डोक्यावर येतो आणि सहीला एक जास्तीचा अनुस्वार मिळतो. शेवेच्या तेलाचा डाग त्याहून वाईट: डोळ्याला दिसत नाही, स्कॅनरला दिसतो.

स्कॅनर असेल तर 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके), रंगीत. सही पाच सेंटिमीटर रुंद असली तर साधारण 590 पिक्सेल मिळतात, छापायलाही पुरे. मोबाइल असेल तर खिडकीपाशी, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली वाकलात की स्वतःचीच सावली सहीवर पडते. स्कॅनिंगच्या अ‍ॅपमधलं ‘ब्लॅक अँड व्हाइट’ टाळा, ते बारीक रेघा गिळतं. आणि हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपने कॉम्प्युटरवर घेणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून छोटा केला जातो.

इथवर सगळे येतात आणि इथेच अडकतात. आपल्याला पांढरा दिसणारा कागद फोटोत पांढरा नसतो, राखाडी-पिवळट असतो. तसाच करारावर चिकटवला तर सहीमागे मळकट चौकोन दिसतो, पांढऱ्या सदऱ्याला खाकी ठिगळ लावल्यासारखा. वर्डमध्ये ‘सेट ट्रान्स्परंट कलर’ आहे, पण ते नेमकी एकच छटा काढतं आणि फोटोतल्या कागदाला डझनावारी छटा असतात. ठिगळ जातं, चिंध्या राहतात. म्हणून आधी गिंपसारख्या, चित्रं दुरुस्त करायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये ‘लेव्हल्स’ उघडा, पांढऱ्याचा काटा डावीकडे सरकवत कागद खरोखर पांढराशुभ्र होऊ द्या, काळ्याचा थोडा उजवीकडे घ्या, मग ‘कलर टू अल्फा’ने पांढरा रंग काढून टाका. अक्षरांच्या कडा अर्धपारदर्शक राहतात, म्हणून सही कातरलेली दिसत नाही. फाइल पीएनजीमध्येच ठेवा. जेपीजीला पारदर्शकता माहीतच नाही, शिवाय ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून दाबतं, त्यामुळे शाईभोवती धुरकट जाळी उठते. मॅकवाल्यांचं बरं आहे. प्रिव्ह्यू उघडून कागद कॅमेऱ्यासमोर धरला की सही आपोआप सुटी होते. त्यांनी हा परिच्छेद उगाच वाचला.

पीडीएफ असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या ‘फिल अँड साइन’मध्ये हे चित्र एकदा भरून ठेवा. वर्डची कथा वेगळी. तिथे चित्र टाकलं की ते स्वतःला एक मोठं अक्षर समजून ओळीत उभं राहतं. ओळ फुगते, खालचा मजकूर सरकतो आणि ‘आपला विश्वासू’ एकटाच दुसऱ्या पानावर जातो. उपाय साधा आहे: चित्रावर क्लिक, ‘रॅप टेक्स्ट’, ‘इन फ्रंट ऑफ टेक्स्ट’. विश्वासू परत येतो.

एवढं करून घरातल्या मुलाचा बँक भरतीचा अर्ज भरायला बसावं, तर आयबीपीएसला सही हवी 140 गुणिले 60 पिक्सेल, 10 ते 20 केबी, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत. कॅपिटल अक्षरांतली चालत नाही. इथे जेपीजीच द्यायचं. आणि गंमत म्हणजे इतकी मेहनत घेऊन स्वच्छ केलेली सही एवढ्या आकारात पाच केबीचीही भरत नाही. आता तिचं वजन वाढवायचं! ‘क्वालिटी’ शंभरवर न्या. तरीही भागलं नाही तर मूळ फोटो घ्या आणि कागदाचा खरखरीतपणा थोडा राहू द्या. मळ दाबला जात नाही, म्हणून फाइल जड होते. आयुष्यात एकदा तो मळकट चौकोन कामाला येतो.

आता एक कटू गोष्ट. हे सगळं करून जे मिळतं ते सहीचं चित्र आहे, डिजिटल सही नव्हे. अहिल्याबाईंच्या आज्ञांवर त्यांचं नाव नसे, ‘श्री शंकर’ असे, असं इथे परंपरेने सांगतात. ते दोन शब्द कुणालाही लिहिता आले असते. भरवसा होता तो ते कुठून आले यावर. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातली डिजिटल सही तशीच चालते. सीएंच्या ड्रॉवरमधल्या त्या यूएसबी टोकनमध्ये एक गुप्त किल्ली असते. तिनेच फाइलवर सही होते, आणि फाइलमधला एक स्वल्पविराम जरी नंतर बदलला तरी सही तुटल्याचं कळतं. ती सही दिसायला अगदीच रुक्ष, नाव-तारखेची चौकट. म्हणून हौशी लोक अशी फाइल छापून, तिच्यावर झोकदार सही करून पुन्हा स्कॅन करतात आणि खरी सही घालवून खोटी आणतात. आधारच्या पीडीएफवरच्या पिवळ्या प्रश्नचिन्हालाही घाबरू नका. त्यावर राइट क्लिक करून सही पडताळायची आणि प्रमाणपत्राला एकदा ‘ट्रस्ट’ द्यायचा, हिरवी खूण येते. मृत्युपत्राला मात्र हा कायदा लागूच नाही. ते कागदावर, पेनाने, साक्षीदारांसमोर.

राहिली पीएनजी कुठे ठेवायची ते. ‘सही फायनल’ अशा नावाने डेस्कटॉपवर नको, कुटुंबाच्या ग्रुपवर तर नकोच. ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात गेलात तर तिथला ‘डाउनलोड्स’ फोल्डर एकदा डोळ्यांखालून घाला. अर्ध्या मोहल्ल्याच्या सह्या तिथे सुखाने नांदत असतात, शेजारीच त्यांचे आधार आणि पॅन. आपली निवडून शिफ्ट-डिलीट दाबा. दुकानदार वर न बघता म्हणतो, “रहने दो ना भिया, अगली बार काम आएगी.”