पायऱ्या किती, ते आधी सांगा

शिमल्यात परवडणारे हॉटेल शोधायला बसले की दर वेळी एकाच वाक्यापाशी माझे डोके फिरते: ‘मॉल रोडपासून फक्त पाच मिनिटांवर.’ ही पाच मिनिटे सपाटीवरची नाहीत, हे लिहायला हॉटेलवाल्यांच्या इतके जिवावर का येते? 1864 साली इंग्रजांनी उन्हाळी राजधानी केलेले हे शहर सुमारे 2,200 मीटर उंचीवर, डोंगराच्या धारेवर वसले आहे. वर रिज हा मोकळा चौक आणि मॉल रोड हा मुख्य बाजाररस्ता, मध्ये लोअर बाजार, खाली गाड्यांचा कार्ट रोड अशी त्याची उतरंड आजही तशीच आहे, आणि स्वस्त खोल्या बहुधा तिच्या खालच्या अंगालाच मिळतात. नकाशावर किरकोळ दिसणारे अंतर प्रत्यक्षात अरुंद, ओलसर पायऱ्यांचे निघते, ज्यांना कठडा असला तर नशीब समजायचे. मॉलवर खासगी गाड्यांना बंदी असल्यामुळे टॅक्सी खालीच सोडते. कार्ट रोडवरून वर जाणारी लिफ्ट आहे, परंतु आपले हॉटेल तिच्यापासून किती लांब, हे कोणीही सांगत नाही. आईचे गुडघे दुखतात म्हणून फोन करून मुद्दाम विचारले, तर ‘थोडीसी चढाई है, मॅडम’ एवढ्यावर बोळवण होते. गीझरचे, पलंगाचे, खिडकीतल्या देवदारांचे फोटो हे लोक ढिगाने टाकतात. मग रस्त्यापासून दारापर्यंतच्या पायऱ्यांचा एक फोटो टाकायला काय हरकत आहे?