केशवरावची फिल्म आगीपासून सुरू होणार नाही

दुपारचा व्हिडिओ कॉल डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे. वेळ असेल तर वाचा.

कोल्हापूरच्या, 2024 च्या आगीत जळालेल्या केशवराव भोसले नाट्यगृहावर आम्ही मित्र मिळून जी डॉक्युमेंटरी करतोय, ती तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तिचा रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, आम्ही मुंबईच्या काही मंडळींना पाठवला होता, पैसे लावायला तयार होती म्हणून. आज त्यांचा निरोप मिळाला. माणसं सभ्य आहेत, बोलली नीट, फिल्म पूर्ण बघितली होती. पण सांगितलं काय, तर सुरुवात आगीनं करा. पहिल्याच मिनिटाला छत कोसळू दे, मग रडणारी माणसं, मग ड्रोन, मग टीव्हीवरचा एखादा ओळखीचा चेहरा. आणि मध्ये ते चाळीसेक सेकंद आहेत ना, ज्यात काहीच होत नाही, ते काढून टाका.

त्या चाळीस सेकंदांत काहीच होत नाही?

मी साऊंडवाला आहे. लग्नं, जाहिराती, सीरियल, जे काम येईल ते करतो. तर ज्यांना या कामातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुठंही शूटिंग संपलं की आम्ही सगळ्यांना गप्प बसवतो आणि त्या रिकाम्या जागेचा आवाज घेतो. त्याला रूम टोन म्हणतात. एडिटला बसल्यावर दोन वाक्यांमधल्या फटी त्यानं बुजवायच्या असतात. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, एकीची दुसरीला चालत नाही.

आग लागायच्या काही महिने आधी आम्ही केशवरावमध्ये एका जुन्या ऑर्गनवादकांचं शूटिंग करत होतो. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही सगळे अण्णा म्हणतो. सकाळची वेळ, प्रयोग नव्हता, हॉल रिकामा. बोलणं संपल्यावर मी म्हटलं, अण्णा, आता जरा शांत बसा, हॉलचा आवाज घ्यायचाय. ते म्हणाले, "मग पंखे बंद करायला सांग की. पंख्याचा कशाला घेतोस? हॉलचा घे." पंखे बंद केले. मी हेडफोन घालून शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. बाहेरून खासबागेच्या रस्त्यावरचा एखादा हॉर्न, वर कुठंतरी कबुतरं, बाकी काही नाही. चाळीसेक सेकंद झाले असतील. मग अण्णा ऑर्गनवरून उठले, रंगमंचाच्या कडेला आले आणि एक टाळी वाजवली. मग सा लावला. ऐंशीच्या घरातला, थकलेला, थोडा खरखरणारा सा. मी हेडफोन काढून ठेवले. सा सोडल्यावर त्यांनी घरात बोलावं तशा आवाजात विचारलं, "आलं काय तिथवर?"

आलं. शेजारच्या खुर्चीतून विचारल्यासारखं आलं.

आज ज्यांना "काहीच होत नाही" असं वाटलं ते हे आहे. आता जगात कुठंही न मिळणारा आवाज.

मला राग कशाचा आलाय? सूचना केल्याचा नाही. एडिटवर वाद घालायला मी तयार असतो. राग याचा आहे की एवढी मोठी वास्तू, शंभर वर्षांहून जास्त गाणं ऐकलेली, आणि तिची ओळख करून द्यायची तर काय दाखवायचं? तिची शेवटची रात्र! एखादं माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बोलायला बसलो तर आपण अपघातापासून सुरुवात करतो का?

बाहेरगावच्या मित्रांसाठी थोडं. शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले होते, तिकडची मैदानं, नाट्यगृहं बघून आले. 1912 मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं आणि 1915 मध्ये त्याच्या पाठीला पाठ लावून पॅलेस थिएटर, जे पुढे केशवरावांच्या नावानं झालं. एका बाजूला लाल मातीत कुस्ती, दुसऱ्या बाजूला नाट्यपदं. एका राजाला एकाच आवारात हे दोन्ही हवं होतं आणि त्यात त्याला काही विजोड वाटलं नाही. त्याच राजानं अल्लादिया खाँसाहेबांसारख्या ख्यालगायकाला दरबारात ठेवलं. कोल्हापूरचा माणूस एका कानानं हलगी आणि दुसऱ्या कानानं ख्याल ऐकतो, तो उगाच नाही.

आणि 1915 लक्षात घ्या. माइकच्या आधीचा काळ आहे हा. गाणारानं उघड्या गळ्यानं गायचं आणि चार आणेवाल्याला शेवटी बसूनही शब्द कळला पाहिजे, म्हणून ते थिएटर तसं बांधलं. मध्ये खांब नाही. ज्यांनी बांधलं त्यांच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, कान होते. अण्णांनी त्या सकाळी पंखे बंद करायला सांगितलं ते यासाठीच. त्यांना थिएटर ऐकवायचं होतं, स्वतःचा गळा नव्हे.

ज्यांचं नाव त्या दारावर आहे ते केशवराव भोसले याच कोल्हापूरचे. 1890 चा जन्म. पोरवयात नाटक कंपनीत, 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं नाव झालं. 1908 साली, म्हणजे विशीही ओलांडली नव्हती, हुबळीत स्वतःची नाटक कंपनी, ललितकलादर्श, काढली. हिराबाई पेडणेकरांचं नाटक याच कंपनीनं रंगभूमीवर आणलं, त्या काळात, एका बाईनं लिहिलेलं नाटक! 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झालं, म्हणजे दोघांच्या कंपन्यांनी मिळून केलेला 'मानापमान' नाटकाचा प्रयोग, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. आणि त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. एकतीस वर्षांचं आयुष्य. संगीतसूर्य म्हणतात ते काही फुकट नाही म्हणत.

आता मला सांगा, यातलं काय कमी पडतंय की ज्वाळा लागाव्यात?

8 ऑगस्ट 2024, गुरुवारची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मीही गेलो होतो, अख्खं कोल्हापूर गेलं होतं. खासबागेकडचा सगळा रस्ता माणसांनी भरलेला. म्हातारी माणसं फुटपाथवर बसून रडत होती, हे खरं आहे. माझ्या खांद्याला रेकॉर्डर होता, मी चालू केला नाही. आसपास सगळ्यांचे मोबाइल वर होते. त्यांना नावं ठेवत नाही, माणूस घाबरल्यावर मोबाइल काढतो आजकाल. पण म्हणूनच सांगतो, ती आग गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. यूट्यूबवर आहे, बातम्यांत आहे. ती बघायला आमच्या फिल्मची गरज कुणाला आहे? आत काय होतं ते कुणाच्या मोबाइलमध्ये नाही.

हां, आग लागली नसती तर पैसे लावणाऱ्यांनी आमचा फोनसुद्धा उचलला नसता, हे मान्य करायला पाहिजे. केलं मान्य. पुढं.

त्या ओळखीच्या चेहऱ्याबद्दलही बोलतो. मोठे नट, मोठे गायक इथं येऊन गेले, त्यांचं थिएटरवर प्रेम आहे, ते खोटं नाही. पण प्रयोग संपला की ते गाडीत बसून पुण्या-मुंबईला गेले. जे राहिले ते वेगळे. पडदा ओढणारे. लाइटवाले. दुपारी टेम्पोतून सेट उतरवून रात्री तोच परत भरणारे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत मेकअपच्या खोलीत पाच-पाच पोरांच्या मिश्या एकटा चिकटवणारा माणूस. दारावर तिकीट फाडणारा, ज्याला चेहऱ्यावरून कळायचं कोण फुकट घुसतोय आणि तरी संगीत नाटकाला कॉलेजची पोरं आली तर तो दुसरीकडं बघायचा. ही माणसं आम्ही रेकॉर्ड केलीत. त्यांच्या बोलण्यात "अरे", "ते काय म्हणतात", "थांब, आठवतंय" असतं. आम्ही ते कापलेलं नाही. त्यावरही आज आक्षेप होता, बोलणं संथ आहे म्हणे. संथ आहे. आठवायला वेळ लागतो माणसाला!

ज्यांनी ललितकलादर्शचे पडदे रंगवले ते आनंदराव आणि बाबूराव पेंटर. त्याच बाबूरावांनी पुढे कोल्हापुरात सिनेमा उभा केला. म्हणजे आपल्या गावात कॅमेरा आला तो नाटकाच्या पडद्यामागून आला. त्या कॅमेऱ्यानं नाटकाच्या घरावर फिल्म करताना पडदा ओढणाऱ्यालाच कापायचं? मला नाही जमणार. पैसे नाही मिळाले तरी चालेल.

लिहिता लिहिता थोडा शांत झालोय. अण्णांचं अजून एक सांगतो.

त्या सकाळी सा लावून झाल्यावर ते परत ऑर्गनवर जाऊन बसले. पायानं भाता मारायला लागले, पण सूर वाजवले नाहीत. नुसता भाता. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, नांदीच्या आधी पडद्यामागं हाच आवाज असायचा. समोर लोकं खुर्च्या ओढतायत, पोरं रडतायत, आणि आत हा भाता. "तुम्ही लोक गाणं रेकॉर्ड करता, याच्याशिवाय गाणं सुरू होतंय काय?" तो भाताही माझ्या ट्रॅकवर आहे. थोडा कर्र कर्र करतो, पॅडलच्या बिजागरीत काहीतरी अडकल्यासारखा. आज कॉलवर एकानं विचारलं, हा नॉइज काढता येईल का. सॉफ्टवेअरनं दोन मिनिटांत निघेल. मी काढणार नाही.

आगीनंतर अण्णा त्या रस्त्यानं जात नाहीत. बिनखांबी गणेशाकडून वळसा घालतात. मी फिल्मचा विषय काढला की विषय बदलतात. त्यांना पहिल्या मिनिटाला ज्वाळा दाखवणारी फिल्म मी कुठल्या तोंडानं दाखवू?

पुन्हा बांधायचं म्हणताय, त्यावरही एक बोलून घेतो, कारण हा विषय फिल्मपेक्षा मोठा आहे. "जसंच्या तसं" उभारणार, असं सगळे म्हणतात. दगडाची कमान जशीच्या तशी होईल, दर्शनी भागाचे फोटो भरपूर आहेत. पण आवाज जसाच्या तसा कसा करणार? फोटोवरून आवाज बांधता येत नाही. छताची उंची, लाकूड किती, खुर्च्यांना कापड कुठलं, भिंतीला काय लावलंय, या सगळ्यावर ठरतं की सा किती वेळ हवेत राहणार आणि शब्दांचा कुठं चिखल होणार. नव्या नाट्यगृहांत काय होतं बघितलंय ना आपण? चकाचक पॅनेल, गार एसी, आणि तानपुरासुद्धा माइकशिवाय दहाव्या रांगेत पोचत नाही. मिरजेत एवढं जीव ओतून तंबोरा बनवणारे कारागीर आहेत, आणि त्यांचा तंबोरा आपण पाच-सहा हजार वॅटमधून ऐकतो.

आगीचे नियम कडक हवेत, जुन्यासारखं लाकूड-कापड भरून चालणार नाही, त्यावर वाद नाही.

पण अण्णांनी वाजवलेली ती एक टाळी आहे. रिकाम्या हॉलमधली एक टाळी नीट रेकॉर्ड झालेली असेल, तर ती किती वेळात विरली, कुठल्या पट्टीतला आवाज आधी गेला, कुठला रेंगाळला, हे मोजता येतं. ध्वनीचं काम करणारे हेच करतात, टाळी नाहीतर फुगा फोडून. माझी टाळी एका जागेवरून घेतलेली आहे, प्रयोगशाळेतली नाही, पण कान असलेल्या माणसाला ती पुरेल असं मला वाटतं. बांधकामाशी संबंधित कुणी वाचत असेल तर फाइल देतो. फुकट देतो. तुमच्या ध्वनितज्ज्ञाला ऐकवा, आणि नवा हॉल तयार झाला की खुर्च्या बसवायच्या आधी एकदा पंखे, एसी, माइक सगळं बंद करून कुणालातरी सा लावायला सांगा. शेवटच्या रांगेत पोचला तर नारळ फोडा.

तर निर्णय असा : आम्ही मुंबईच्या मंडळींना नकार कळवलाय. फिल्म अंधारातच सुरू होणार, रिकाम्या हॉलच्या आवाजावर, मग टाळी, मग सा, मग "आलं काय तिथवर?" आग शेवटाकडं येईल, थोडीच येईल, आणि तीसुद्धा माणसांच्या बोलण्यातून. पैसे कमी पडणार आहेत, ते नंतर बघू.

आता तुमच्याकडं काम आहे. कोल्हापुरातल्या घरोघरी माळ्यावर कॅसेट आहेत. कुणाच्या वडिलांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन केशवरावमधली मैफल टेप केली असेल, कुणाच्या आईचं भजनी मंडळ तिथं गायलं असेल, कुणाच्या ताईचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, कुणाचा ऑर्केस्ट्रा, कॉलेजचं गॅदरिंग. गाणं बिघडलं असलं तरी चालेल, मध्ये खोकला असला तरी चालेल, उलट मला तो खोकलाच हवाय, तो त्या हॉलमधला आहे. लग्नाच्या कॅसेट बाजूला ठेवा, थिएटरच्या शोधा. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर घरच्या प्लेअरमध्ये अजिबात घालू नका, टेप तुटते आणि प्लेअरही खराब होतो. फिरवू नका, पुसू नका, तशीच पिशवीत घालून ठेवा आणि मला इनबॉक्समध्ये कळवा. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, गारगोटी, कुठंही असा, मी घरी येऊन घेऊन जाईन आणि डिजिटल करून कॅसेटसकट परत आणून देईन. कॅसेटच्या कव्हरवर कुणाच्या हाताचं काही लिहिलेलं असेल, तारीख, रागाचं नाव, साथीला कोण, तर त्याचा फोटो आजच काढून पाठवा.