रेंज नाही म्हणून धडा नाही?

देवगडच्या सड्यावर पाऊस लागला की आधी लाईट जाते, मग रेंज. हे काही नवीन नाही. तरी शाळेत येणारं प्रत्येक शैक्षणिक अ‍ॅप पहिल्यांदा काय मागतं? लॉगिन आणि ओटीपी! अरे, मुलांनी धडा वाचायचा की मोबाईल उंच धरून रेंज शोधत फिरायचं? किविक्स हे नेटशिवाय वाचायचं सॉफ्टवेअर २००७ पासून आहे. अख्खा मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हवर मावतो, नेटशिवाय उघडतो. कोलिब्री या धड्यांच्या सॉफ्टवेअरचंही तेच. एका साध्या कॉम्प्युटरवर धडे भरून ठेवा, वर्गातल्या वायफायवर सगळ्यांना दिसतात, बाहेर नेट असो वा नसो. दोन्ही फुकट. बालभारतीची पुस्तकंसुद्धा पीडीएफमध्ये मिळतात. मग दर वर्षी हे ऑनलाइनचं लोढणं आमच्याच गळ्यात का?

त्यात आता नवं टुमणं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून चालते कॉम्प्युटर भंगारात काढा म्हणे! अहो, विंडोज ११ चढत नसेल तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टीम टाका ना. खारी हवा आधीच मदरबोर्ड खाते. त्यातून वाचलेली यंत्रं तरी मुलांच्या हाताखाली राहू द्या!