डॉ. ड्रू रक्तावाचून गेले नाहीत

ताईने रविवारी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल. ‘रक्तपेढीचा शोध लावणारे अमेरिकेतले डॉ. चार्ल्स ड्रू अपघातात जखमी झाले. गोऱ्यांच्या हॉस्पिटलने काळा म्हणून दारातून परत पाठवलं. रक्त न मिळाल्याने त्यांनी प्राण सोडला. आज त्यांचं नावही कुणाला ठाऊक नाही.’ एरवी मी सोडून दिलं असतं. पण भाची आठवीत आहे, १ ऑक्टोबरच्या ऐच्छिक रक्तदान दिनाला शाळेत तिचं भाषण आहे, आणि तिने हाच मजकूर वहीत उतरवून पाठ करायला घेतला होता.

मरणाचं आधी बघू, कारण सगळ्यात खोटं तेच आहे आणि लोक पुढे पाठवतात तेही त्याच्यासाठीच.

१ एप्रिल १९५०. ड्रू तेव्हा ४५ वर्षांचे, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख. अलाबामातल्या टस्कीगीला दरवर्षी मोफत उपचारांचं शिबिर भरायचं. तिकडे जायला तीन डॉक्टरांना सोबत घेऊन ते दिवसभराच्या कामानंतर रात्रीच मोटारीने निघाले. सकाळी नॉर्थ कॅरोलायनात बर्लिंग्टनजवळ, स्टिअरिंगवर ड्रूच असताना, त्यांना डुलकी लागली. गाडी उलटली आणि ते तिच्याखाली चिरडले गेले. त्यांना अलामान्स जनरल हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, लगेच उपचार सुरू केले, जमेल ते सगळं केलं. जखमाच अशा होत्या की उपयोग झाला नाही.

हे सांगतं कोण? त्याच गाडीत बसलेले, स्वतः काळे असलेले डॉ. जॉन फोर्ड. हृदयाकडे रक्त परत नेणारी मोठी नीलाच बंद पडली होती, अशा अवस्थेत रक्त चढवलं असतं तर मरण आणखी लवकर आलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. इतिहासकार स्पेन्सी लव्ह यांनी या एका अफवेवर ‘वन ब्लड’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, १९९६ साली. मी इथे मुख्यतः त्याच्याच आधाराने बोलतोय. ज्याला शंका आहे त्याने ते वाचावं, फॉरवर्ड नव्हे.

आता जे खरं आहे ते मान्य करतो. त्याच वर्षी डिसेंबरात, त्याच अलामान्स परगण्यात, माल्थियस एव्हरी नावाचा काळा विद्यार्थी, महायुद्धातून परतलेला सैनिक, अपघातात सापडला. ड्यूक विद्यापीठाच्या हॉस्पिटलने काळ्यांसाठीच्या खाटा भरल्यात म्हणून त्याला ठेवून घेतलं नाही, आणि दुसऱ्या हॉस्पिटलात त्याने प्राण सोडला. म्हणजे मेसेजातला अन्याय घडला, फक्त तो ड्रूंवर घडला नाही. ड्रूंचं नाव मोठं, म्हणून लोकांनी एव्हरीचं मरण त्यांना चिकटवलं आणि एव्हरी पुसला गेला. मला सगळ्यात जास्त याचाच राग येतो.

रक्ताच्या भेदभावाचंही तसंच. अमेरिकन रेडक्रॉसने १९४१ मध्ये काळ्यांचं रक्त घेतलंच नाही, १९४२ पासून घेतलं ते वेगळं ठेवून, आणि ही पद्धत १९५० पर्यंत चालली. याला शास्त्राचा काडीचा आधार नाही, असं ड्रू उघड बोलले. हे सांगा की मुलांना!

‘रक्तपेढीचा शोध’ हेही चूक. १९३७ मध्ये शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी ती सुरू केली होती. ड्रूंनी १९४० मध्ये ब्रिटनला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, पाठवताना रक्त गोळा करण्यापासून तपासून पाठवण्यापर्यंतची मोठ्या प्रमाणावर चालणारी पद्धत बसवली. ते काय कमी आहे?

आणि ‘नावही ठाऊक नाही’? ड्रू ओमेगा साय फाय या काळ्या पुरुषांच्या फ्रॅटर्निटीचे, म्हणजे कॉलेजातल्या बंधुसंघटनेचे, सभासद होते. १७ नोव्हेंबर १९११ ला हॉवर्डमध्येच तीन विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक, जीवशास्त्रज्ञ अर्नेस्ट जस्ट, यांनी ती काढली. तिथलं सभासदत्व कॉलेज संपलं म्हणून संपत नाही. त्यांच्या शाखांना ग्रीक अक्षरांची नावं असतात, पण शेवटचं अक्षर, ओमेगा, जिवंत माणसांच्या कुठल्याही शाखेला देत नाहीत. ते गेलेल्यांसाठी राखून ठेवलंय. कुणी वारलं की तो बंधू ‘ओमेगा चॅप्टर’मध्ये गेला, असं म्हणतात. जस्ट १९४१ मध्ये गेले. काळ्यांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू करणारे कार्टर वुडसन, तेही याच संघटनेचे, ड्रूंच्या मागोमाग दोनच दिवसांनी, ३ एप्रिल १९५० ला गेले. त्या आठवड्यात या माणसांनी काय सोसलं असेल!

संघटनेचं ‘ओमेगा डिअर’ हे गीत ड्रूंनी मर्सर कुक यांच्यासोबत रचलेलं आहे आणि बंधू ते आजही म्हणतात. ड्रूंच्या नावाने ही संघटना रक्तदान शिबिरं घेते. आणि ड्रूंनी घडवलेले सर्जन? १९४१ ते १९५० या काळात अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीची मान्यता मिळवणाऱ्या काळ्या सर्जनांपैकी निम्म्याहून जास्त त्यांच्या हाताखाली शिकलेले होते.

ताई, तो मेसेज काढून टाक. भाचीचं भाषण आम्ही दोघांनी बसून नव्याने लिहिलंय. एव्हरीचं नाव त्यात तिने स्वतःहून घातलं.