तुर्कस्तान दगाबाज आहे का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की तुर्कस्तानला परराष्ट्र धोरण वगैरे काही नाही, नुसती दगाबाजी आहे, नाटोत (अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीत) बसून रशियाशी गुलुगुलु चालतं, आणि तुर्कस्तानवरच्या माझ्या लेखात मी त्यालाच "हुशारी" म्हणून डोक्यावर घेतलं. शिवाय काश्मीरवर त्यांचे अध्यक्ष एर्दोगान यूएनमध्ये काय बोलले ते मी विसरलो. विसरलो नाही हो, २०१९ चं ते भाषण मलाही झोंबलंच होतं. पण आपल्याला राग आला म्हणून समोरच्याला धोरणच नाही असं कसं म्हणणार?

आधी तुमचं ते "नाटोतून हाकला". हाकलणार कसं? नाटोच्या करारात सदस्याला काढायचं कलमच नाहीये, १३ वं कलम आहे ते स्वतःहून बाहेर पडणाऱ्यासाठी, तेही वर्षभर आधी नोटीस देऊन. वर निर्णय सगळे एकमताने. म्हणजे १९५२ पासून आत बसलेला हा गडी वाटेल तेव्हा बाकीच्यांचं नाक दाबू शकतो आणि दाबतोच. स्वीडनने मे २०२२ मध्ये नाटोत यायला अर्ज केला, तुर्की संसदेने हो म्हणायला २३ जानेवारी २०२४ उजाडली, आणि त्याच आठवड्यात अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-१६ लढाऊ विमानं विकायला मंजुरी दिली. तुम्ही याला दगा म्हणा, मी घासाघीस म्हणतो.

आता गुलुगुलु. २४ नोव्हेंबर २०१५ ला सीरियाच्या सीमेवर तुर्की विमानाने रशियाचं सुखोई पाडलं, का तर म्हणे ते १७ सेकंद आमच्या हद्दीत होतं. १७ सेकंद! पुतिन म्हणाले पाठीत वार केला (म्हणजे तुमचंच मत). मग रशियाने पर्यटकांची चार्टर विमानं बंद केली, अंताल्याच्या हॉटेलवाल्यांचे हाल झाले, आणि तुर्की टोमॅटोवर बंदी आली. जून २०१६ मध्ये एर्दोगान यांनी दिलगिरीचं पत्र धाडलं तेव्हा कुठे बर्फ वितळायला लागला, तरी टोमॅटो परत रशियात जायला २०१७ ची अखेर आली, आणि गंमत बघा, रशियाकडून एस-४०० ही विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं घ्यायचा सौदाही त्याच वर्षी. पुढे याच तुर्कस्तानचे बायरक्तार ड्रोन युक्रेनने रशियावर सोडले. दोस्ती अशी असते का?

एक मात्र मान्य. "हुशारी" हा शब्द मी जरा सढळ हाताने वापरला. जुलै २०१९ मध्ये एस-४०० येऊन पोचली आणि त्याच महिन्यात अमेरिकेने त्यांना एफ-३५ लढाऊ विमानाच्या प्रोजेक्टमधून बाहेर काढलं, जिथे ते नुसते गिऱ्हाईक नव्हते, सुटे भागही बनवत होते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेचे निर्बंध आले ते वेगळेच. हे अंगाशी आलं, यात वाद नाही.

आणि तुम्ही पकडलेली चूक. "फेब्रुवारी २०२२ नंतर सामुद्रधुनी सगळ्या युद्धनौकांना बंद" असं मी ठोकून दिलं होतं (रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्यानंतर, आणि सामुद्रधुनी म्हणजे भूमध्य समुद्रातून काळ्या समुद्रात जायची तुर्कस्तानच्या ताब्यातली वाट), ते चुकलंच. या वाटेचे नियम ठरवणाऱ्या १९३६ च्या माँत्र्यो कराराचं १९ वं कलम लढणाऱ्या देशांच्या नौका अडवतं, पण आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या नौकेला सूट आहे, आणि बाकीच्या देशांना तुर्कस्तानने पाठवू नका एवढंच सांगितलं होतं. पण परिणाम बघा ना, एप्रिलमध्ये काळ्या समुद्रातली रशियाची मुख्य युद्धनौका मॉस्क्वा बुडाली, रशियाच्या दुसऱ्या मोठ्या नौका भूमध्य समुद्रात होत्या, पण त्यांचा मूळ तळ काळ्या समुद्रात नव्हता, म्हणून त्यातली एकही बदली म्हणून काळ्या समुद्रात आणता आली नाही. तुर्कस्तानने एक गोळी न झाडता हे जमवलं, रशियावर निर्बंध न लावता, अमेरिकेच्या नौकाही बाहेर ठेवून.

मूळ लेखातलं सामुद्रधुनीचं ते वाक्य आज बदललंय. "हुशारी" चार ठिकाणी होतं, तीन ठिकाणचं काढलं, मॉस्क्वाच्या परिच्छेदातलं ठेवलंय.